मांडी घालता येईल असा पाय

(दृश्य: शहाबादी फरशीवर दोन पावलं शेजारी शेजारी. एक जिवंत, एक रबराचं.)

सकाळपासून आपला पाय काय काय करतो, आठवून बघा. अंथरुणातून उठून अनवाणी मोरीपर्यंत जातो. उकिडवा बसतो. देवापुढे मांडी घालतो. भाजी चिरताना विळीचा पाट दाबून धरतो. बांधावरून तोल सांभाळत शेतात पोचतो, चिखलात रुततो आणि पुन्हा वर निघतो. बूट घालून सपाट रस्त्यानं चालणं यात कितीसं आलं?

कृत्रिम पाऊल घडवताना मात्र बराच काळ तेवढंच डोळ्यांसमोर होतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर परदेशात 'सॅच' नावाचं पाऊल आलं आणि जगभर पसरलं. आत लाकडाचा लांब गाभा, टाचेला मऊ गादी, घोटा जागच्या जागी पक्का. सपाट जमिनीवर ते छान चालतं. पण घोटा वाकत नाही, मग उकिडवं बसायचं कसं? शिवाय ते बुटाच्या टाचेची उंची धरून बनवलेलं. बूट काढला की तोल मागे जातो. आणि आपल्याकडे तर उंबऱ्याशीच चपला काढायच्या.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे रोज बघत होते. पाय बसवून गावी गेलेला माणूस तो पाय कोपऱ्यात ठेवायचा आणि पुन्हा कुबड्या घ्यायचा. त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते, सगळ्यांचे मास्टरजी. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण हातात पिढीजात कला. एकदा सायकल पंक्चर झाली म्हणून ते दुकानात थांबले, तिथे ट्रकच्या जुन्या टायरवर नवं रबर चढवत होते, आणि तिथेच त्यांना वाट सापडली, असं सांगतात. 1968च्या सुमारास जे पाऊल तयार झालं, ते आज जयपूर फूट म्हणून जगाला माहीत आहे.

(दृश्य: कार्यशाळा. कारागिराच्या हातात अर्धवट तयार पाऊल.)

जरा जवळून बघू. टाचेत स्पंजासारख्या रबराचे थर, एकावर एक चिकटवलेले. पुढे चवड्यातही तसंच रबर. घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा आणि त्यातून वर आलेला बोल्ट. या तिन्ही तुकड्यांना टायरमधल्या चिवट दोऱ्यांचं वेष्टण, त्यावर कातडीच्या रंगाचं रबर. मग सगळं धातूच्या साच्यात बंद करून तापवायचं. साचा उघडतो तेव्हा पाचही बोटं उमटलेली असतात, आणि पाणी आत शिरायला फट नसते.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती काढून टाकलेल्या लाकडाची. लांब गाभा गेला, लाकूड घोट्यापुरतं उरलं, आणि पाऊल मोकळं झालं. ते वरच्या बाजूला दुमडतं, म्हणून उकिडवं बसता येतं. आत-बाहेर कलतं, म्हणून ढेकळांवर पाय मुरगळल्यासारखा होत नाही. थोडं स्वतःभोवती वळतं, म्हणून मांडी घालता येते.

1981मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नावही तितक्याच मानानं घ्यायला हवं, ते फार कमी घेतलं जातं.

त्याच वर्षी तमिळनाडूत बसच्या अपघातानंतर मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांचा उजवा पाय गेला. 1984मध्ये त्या जयपूर फूट लावून पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. भरतनाट्यमात गुडघे वाकवून तळवा जमिनीवर आपटायचा असतो, तासन्‌तास. कसोटी म्हणतात ती ही.

पण हेच पाऊल धावपटूला दिलं तर? ते जड आहे, आणि दाबल्यावर जोरानं उसळी देत नाही. अमेरिकेत व्हॅन फिलिप्स यांनी 1976मध्ये वॉटर स्कीइंग करताना गुडघ्याखालचा पाय गमावला. मिळालेल्या पायावर धावता येईना, म्हणून ते स्वतःच या विद्येकडे वळले आणि कार्बन फायबरचं पाऊल घडवलं. त्यातून पुढे धावण्याची पाती आली. अंगाचा भार पडला की पातं वाकतं, सुटताना तोच जोर परत देतं. त्याला टाच नसते. त्यामुळे शर्यतीत ते वाऱ्यासारखं पळतं आणि बसच्या रांगेत शांत उभं राहू देत नाही. तिथे दुसरा पाय लागतो.

म्हणून माप घेताना स्टंपचा, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाचा, घेर आणि उंची पुरत नाही. तुम्ही काय काम करता? घरात जेवायला कुठे बसता? संडास कुठल्या पद्धतीचा आहे? पावसाळ्यात भाताची लावणी करता का? हे विचारल्याशिवाय पाऊल ठरवूच नये.

(दृश्य: एका घराचं अंगण. नवा पाय लावलेला शेतकरी दारापाशी येतो.)

कालच त्याचा पाय बसवला. कार्यशाळेत तो चालला, उकिडवा बसला, मांडी घालून उठला. आता तो घरी आलाय. आतून ताटं मांडल्याचा आवाज येतोय. चौकटीला हात टेकून तो आधी एक चप्पल काढतो, मग दुसरी, आणि आत जातो.