येवल्यातला पाऊस आणि शिक्षकाची नोंद

अध्यक्ष महोदय आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

‘ऑनलाइन शिक्षक-शिक्षणात ब्लॉगलेखन’ हा विषय आणि वीस मिनिटे मला देण्यात आली आहेत. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेमुळे नाशिककरांना वक्ते सहन करण्याची सवय आहे, या भरवशावर मी सुरुवात पावसापासून करतो.

काही वर्षांपूर्वी ऑनलाइन शिकणाऱ्या छात्राध्यापकांचे, म्हणजे अध्यापनाचे शिक्षण घेणाऱ्या शिक्षकांचे, ब्लॉग तपासण्याचे काम माझ्याकडे आले. प्रत्येकाने सराव पाठानंतर एक, अशा दहा नोंदी लिहावयाच्या होत्या आणि प्रत्येक नोंदीला दोन गुण होते. इगतपुरीजवळच्या एका शाळेतील नोंद अशी होती : ‘मुसळधार पावसामुळे आज उपस्थिती कमी होती, तरीही विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ इगतपुरीच्या पावसावर अविश्वास दाखवण्याचे कारण नव्हते. मात्र तेच वाक्य, त्याच तारखेला, नांदगावच्या शाळेत भेटले आणि नंतर येवल्याच्याही. येवल्याचे कोणी सभागृहात असल्यास त्यांनीच सांगावे, पाऊस असा नोंदींतून पडत असता तर तिकडे टँकर कशाला लागले असते? मी हा प्रकार संबंधितांना कळवला, तेव्हा ‘नोंदींची संख्या पूर्ण आहे ना?’ एवढीच विचारणा झाली.

माझा राग त्या तिघांवर नाही. दिवसभर शाळा करून रात्री मोबाइलवर लिहावयास बसणाऱ्या शिक्षकाच्या प्रत्येक नोंदीचे आपण गुण मोजू लागलो, तर तो आपला फसलेला पाठ कशासाठी दाखवील? जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या पंचपदीप्रमाणे, म्हणजे पाठाच्या ठरीव पाच पायऱ्यांप्रमाणे, टाचण वही, अर्थात पाठाच्या नियोजनाची वही, सजवण्याचे वळण आपणच त्याला लावले आहे. ब्लॉग त्याला त्या वहीची धाकटी बहीण वाटली, यात नवल नाही.

त्याच तुकडीत सुरगाण्याकडील एक शिक्षक होते. अपूर्णांकाच्या पाठानंतर त्यांनी टाचणात ‘उद्दिष्ट साध्य’ असे लिहिले आणि ब्लॉगवर मात्र खरे लिहिले : तीनपेक्षा चार मोठे, म्हणून १/३ पेक्षा १/४ मोठा, असे एका मुलीने ठामपणे सांगितले आणि वर्गाने तिला दुजोरा दिला. निफाडच्या एका सहाध्यायी बाईंनी खाली सुचवले, की द्राक्षांचा एक क्रेट आधी तिघांत आणि मग चौघांत वाटून पाहा. तसे केल्यावर मुलांना वाटे लहान झालेले दिसले. आठ दिवसांनी गुरुजींनी पुन्हा लिहिले, की मुले आता छेद मोठा म्हणजे अपूर्णांक लहान, असा सरसकट नियम लावून ३/४ हा २/३ पेक्षा लहान ठरवत आहेत. अंश त्यांनी विचारातच घेतला नव्हता. आपल्याच उपायातून नवी चूक निघाली, हे त्यांना दिसले ते पहिली नोंद तारखेसह समोर होती म्हणून. टाचण वहीपुरता तो पाठ केव्हाच यशस्वी झाला होता.

अध्यक्षांनी पाच मिनिटांची चिठ्ठी पाठवली आहे, आणि मुख्य मुद्दा अजून यावयाचा आहे. अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली कृती चालू असतानाचे चिंतन आणि कृतीनंतरचे चिंतन असा भेद केला. पहिले वर्गातच विरून जाते. दुसऱ्याला नोंद लागते आणि वाचणाराही लागतो. नियमित महाविद्यालयात तो वाचणारा शेजारच्या बाकावर असतो. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, तेव्हापासून घरबसल्या शिकणाऱ्यांची मोठी अडचण हीच आहे, की पुस्तक घरी पोहोचते, सहाध्यायी पोहोचत नाही. ब्लॉग ही उणीव भरून काढतो.

म्हणून माझी मागणी अशी, की नोंदींना गुण नसावेत. तोंडी परीक्षेत छात्राध्यापकाने स्वतः निवडलेल्या एका फसलेल्या पाठाविषयी विचारावे. नोंदीत मुलांची नावे येऊ नयेत आणि वाचन तुकडीपुरते मर्यादित असावे, कारण सेवेतील शिक्षकाचा ब्लॉग त्याचे मुख्याध्यापकही उघडू शकतात. मुख्याध्यापकांना त्या तुकडीत घ्यावे की नाही, यावर मला बरेच बोलावयाचे होते. परंतु घंटा झाली आहे, तेव्हा तो वाद आपण चहाच्या वेळी घालू.