कळशीचा काठ
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: कौलांवरून पडणारे पाणी. अर्धवट अंधारलेली वर्गखोली.]

सावंतवाडी तालुक्यातल्या या माध्यमिक शाळेत चित्रकलेसाठी स्वतंत्र खोली नाही. प्रयोगशाळेला लागून असलेली ही खोली आठवड्यातून दोन दुपारी मिळते, आणि ती मिळाली की कलाशिक्षिका बाई सर्वांत आधी उजव्या हाताच्या दोन्ही खिडक्या लावून घेतात, कारण वस्तूवर दोन्हीकडून उजेड पडला तर तिची गोलाई मुलांना समजावून देता येत नाही. खोलीच्या मधोमध एक बुटके स्टूल मांडलेले आहे. त्यावर जुन्या सुती साडीचा एक पदर सोडला आहे, पदरावर तांब्याची कळशी आहे आणि कळशीच्या पायाशी अर्धवट सोललेला नारळ आणि दोन कांदे आहेत.

ही कळशी बाईंनी घरून आणली आहे आणि ती मुद्दाम चिंच लावून घासलेली नाही. चकचकीत तांब्यात सगळी खोली दिसू लागते, खिडकी दिसते, समोर बसलेल्या मुलाचे तोंडही दिसते, आणि त्यातले काय काढावे व काय सोडावे हे नववीच्या मुलाला ठरवता येत नाही. थोड्या काळवंडलेल्या तांब्यावर मात्र उजेडाची एकच पट्टी राहते, आणि शिकणाऱ्याला सुरुवातीला तेवढी पुरते.

ही मुले शासकीय रेखाकला परीक्षेच्या इंटरमिजिएटची तयारी करत आहेत. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी दिल्या आहेत, आणि स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन ही नावे ऐकली की अनेकांना आपल्या शाळेतला पाण्याचा डबा आणि रंगांनी भरलेली प्लेट आठवते. स्थिरचित्राच्या पेपरला तीन तास असतात. त्या तीन तासांची तालीम या खोलीत जून महिन्यापासून चालू आहे.

[दृश्य: सरळ ताठ केलेले हात, पेन्सिली, मिटलेला एकेक डोळा.]

पहिली वीस मिनिटे कोणीही चित्र काढत नाही. मुले पेन्सिल हातात धरून हात पुरा लांबवतात, कोपर सरळ ठेवतात, एक डोळा मिटतात आणि कळशीच्या पोटाची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने धरून ठेवतात. मग तीच पेन्सिल उभी करून ही रुंदी कळशीच्या उंचीत किती वेळा बसते ते पाहतात. कोपर जरा वाकले की माप बदलते, म्हणून बाई रांगांमधून फिरताना एखाद्याचे कोपर नुसते बोटाने वर उचलतात आणि पुढे जातात. मोजून झाल्यावर कागदावर आधी एक उभी मध्यरेषा येते, तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खुणा येतात आणि कळशीचा आकार त्या खुणांमधून हळूहळू उभा राहतो. खोडरबर या टप्प्यावर वापरायचा नाही असा नियम आहे. चुकलेली रेषा तशीच फिकट राहू द्यायची आणि बरोबर रेषा तिच्या शेजारी काढायची, म्हणजे आपण किती चुकलो होतो हे समोर दिसत राहते.

या वर्गातली सर्वांत मोठी अडचण मात्र मोजमापाची नाही. ती कळशीच्या तोंडाची आहे. कळशीचे तोंड गोल असते हे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि ती सपाट जमिनीवर बसते हेही ठाऊक असते. त्यामुळे दरवर्षी निम्म्याहून अधिक मुले तोंड फार गोल काढतात, त्याची दोन्ही टोके डोळ्याच्या कोपऱ्यांसारखी अणकुचीदार करतात आणि बुडाशी पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ मारतात. कागदावरची कळशी मग वरून पाहिल्यासारखी आणि समोरून पाहिल्यासारखी एकाच वेळी दिसते.

[दृश्य: बाईंचा हात, हिरवी काचेची बांगडी. जवळून.]

बाई हातातली एक बांगडी उतरवतात आणि ती आडवी धरून बरोबर मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत आणतात. बांगडी दिसेनाशी होते आणि तिथे फक्त एक हिरवी रेघ उरते. मग त्या बांगडी तशीच आडवी ठेवून सावकाश खाली नेतात. रेघ उघडू लागते, तिचे अरुंद लंबवर्तुळ होते, छातीशी आल्यावर ते आणखी रुंद होते आणि कमरेपर्यंत पोहोचते तेव्हा आतला हवेचा गोल चांगला मोकळा दिसू लागतो. बांगडीचा आकार कुठेही बदललेला नसतो. बदललेली असते ती डोळ्याच्या रेषेपासूनची तिची उंची. म्हणजे कळशीचे तोंड डोळ्याच्या रेषेच्या जवळ असल्यामुळे चिंचोळे दिसणार, पोट त्याहून अधिक उघडे दिसणार आणि बूड सर्वांत अधिक गोलाई घेऊन बसणार. यथार्थदर्शनाचा हा नियम पाठ्यपुस्तकात आकृतीसह असतोच, पण मागल्या बाकावरच्या मुलीने आपलीच बांगडी काढून ती वर-खाली नेऊन पाहिली आणि लगेच कागदावरची बुडाची सरळ रेघ वाकवली, हे आमच्या कॅमेऱ्याला टिपता आले याचा आम्हाला फार आनंद आहे.

वस्तू समोर ठेवून तिचे हुबेहूब चित्र काढण्याची ही शिस्त आपल्याकडे मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयातून आली. १८५७ साली सुरू झालेल्या त्या विद्यालयाचे शिक्षण इंग्लंडमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेच्या धर्तीवर बेतलेले होते. आधी छापील नमुन्यांवरून नक्कल, मग प्लास्टरच्या आकृत्या आणि त्यानंतर प्रत्यक्ष वस्तू व माणूस, असा तो क्रम होता. परक्या राज्यकर्त्यांनी घालून दिलेली ही पायरी महाराष्ट्रातल्या मुलांनी इतकी आपलीशी केली की कोल्हापूरहून आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि पुढे त्याच संस्थेत शिक्षक झाले. याच सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे. मध्ये शिकायला गेले, तेव्हा धुरंधर तिथे शिकवत होते. शिक्षण झाल्यावर हळदणकरांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची चित्रकला संस्था काढली.

हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातले चित्र आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेली एक तरुणी ज्योतीच्या आड हात धरून उभी आहे, आणि तिच्या बोटांमधून येणारा तांबूस उजेड पाहायला लोक आजही तिथे थांबतात. हे चित्र राजा रविवर्म्याचे आहे असे पुष्कळांना वाटते आणि तसे अनेक ठिकाणी लिहिलेही जाते. ते हळदणकरांचे आहे आणि त्यासाठी त्यांची मुलगी समोर उभी राहिली होती. बाई दरवर्षी या चित्राची प्रत वर्गात दाखवतात आणि चित्रकार आपल्याच गावचा होता हे सांगतात. त्यावर त्या अधिक बोलत नाहीत, मुलांना फक्त बोटांच्या कडांकडे नीट पाहायला लावतात.

[दृश्य: कलता ठेवलेला बोर्ड, पहिला वॉश खाली उतरतो.]

रंगाच्या दिवशी काळ्या रंगाची ट्यूब बाईंच्या टेबलावर जमा होते. सावली म्हणजे काळे असे समजून कळशीच्या एका बाजूला काळा रंग फासला की तांबे जळल्यासारखे दिसते, म्हणून गडद छटा अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळून तयार करायची असते. बोर्ड किंचित कलता ठेवून पाण्याने भरलेला ब्रश वरून खाली न्यायचा, खालच्या काठाशी साचलेला रंगाचा थेंब पुढच्या फटकाऱ्याने उचलायचा आणि हे सगळे थर ओला आहे तोवर संपवायचे. जिथे उजेडाची पट्टी आहे तिथे कागद कोरा सोडायचा, कारण पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागदच असतो आणि एकदा झाकला गेलेला कागद परत मिळत नाही.

मुले डोळे किलकिले करून पाहतात, तेव्हा बारीकसारीक तपशील पुसला जातो आणि उजेड, मधली छटा, गडद बाजू व पडछाया एवढे मोठे भाग उरतात. याच वेळी एका मुलाला कळशीच्या गडद बाजूवर, अगदी काठाशी, साडीचा फिका निळा रंग उमटलेला दिसतो. तांबे निळे कसे असेल म्हणून तो आधी तो भाग तपकिरी रंगवतो, थांबतो, पुन्हा पाहतो आणि ओल्या रंगात निळ्याचा एक हलका फटका मिसळतो. कळशीची ती बाजू कागदावर मागे वळते. बाई त्याच्या मागे उभ्या आहेत आणि त्यांनी काहीही सांगितलेले नाही.

इथल्या पुष्कळ मुलांच्या हातात ब्रश शाळेच्या आधीच आलेला असतो. गणपतीच्या आधीच्या दिवसांत मूर्ती घडवणाऱ्या चित्रशाळांमध्ये ती रंगकामाला जातात, आणि सोनेरी रेघ न थरथरता ओढणे त्यांना उत्तम जमते. तिथे हाताला वळण ठरवून दिलेले असते. इथे समोरच्या कांद्याला पाहून दर वेळी वळण नव्याने शोधावे लागते. तयार हाताच्या मुलाला हे उलट अधिक अवघड जाते, असे बाईंचे निरीक्षण आहे, आणि चित्रीकरणाच्या दिवसांत आम्हीही तसेच पाहिले.

[दृश्य: आठवडा बाजार, वह्या घेतलेली मुले.]

स्मरणचित्रासाठी बाजारात येणे हा या वर्गाचा जुना पाठ आहे. बाजारातील दृश्य हा विषय मार्गदर्शक पुस्तकांत तयार मिळतो. छत्री, टोपली आणि पाठमोरी बाई पाठ करून ती जशीच्या तशी उतरवताही येते. इथे मात्र प्रत्येक माणसासाठी दोन मिनिटे मिळतात. सुरमईची टोपली डोक्यावर चढवणाऱ्या बाईचे डोके, मान आणि एक टाच एका रेषेत येतात, आणि ती रेषा सापडली की लुगड्याच्या चुण्या नंतर काढता येतात. माणूस निघून जातो तेव्हा वहीत चार-पाच रेघा असतात, आणि उरलेले चित्र मुले शाळेत परतल्यावर आठवून पूर्ण करतात.

इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळतात. बाई येत्या वर्षी निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी कलाशिक्षक नेमला जाईल असे शाळेला अजून कोणी कळवलेले नाही.

[दृश्य: व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेले बोर्ड. पाऊस.]

पावसाळ्यात इथे पहिला थर वाळायला फार वेळ लागतो. ओल्यावर दुसरा थर दिला तर कडा फुटतात आणि कळशीचा तांबूस रंग साडीत उतरतो, म्हणून मुले कळशी सोडून कांद्याकडे वळतात, कांदा ओला असेल तर नारळाच्या शेंड्या काढतात आणि मधूनमधून उलट्या हाताने कागदाला हलकेच स्पर्श करून पाहतात. गार लागला म्हणजे कागद अजून ओला आहे. शेवटची तासिका संपल्याची घंटा होते तेव्हा सातच बोर्ड पुरे झालेले असतात. बाकीचे उद्यासाठी भिंतीला लावले जातात, खिडक्या उघडल्या जातात, आणि दोन्हीकडून उजेड आल्याबरोबर स्टुलावरची कळशी सपाट दिसू लागते. बाई ती उचलतात, साडीची घडी घालतात आणि कळशी जिथे होती तिथे, उद्या ती पुन्हा त्याच जागी बसावी म्हणून, खडूने एक गोल आखून ठेवतात.