कलम ३१२ आणि बांगलादेशातल्या बायका

नमस्कार श्रोतेहो.

मुस्लिमबहुल देशातला गर्भपाताचा कायदा धर्मग्रंथातूनच आला असणार, असं आपण धरून चालतो. बांगलादेशात तसं नाही. तिथे आजही चालतं ते इंग्रजांच्या १८६०च्या दंडसंहितेचं कलम ३१२. बाईचा जीव वाचवण्यासाठी केलेला सोडला, तर गर्भपात हा गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद, पोटात हालचाल सुरू झाली असेल तर सात. खुद्द त्या बाईलाही शिक्षा. हेच कलम, याच आकड्याचं, आपल्याकडेही होतं. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीनं वाट दाखवली आणि १९७१मध्ये आपला वेगळा कायदा झाला.

बांगलादेशानं कलम तसंच ठेवलं. मुक्तियुद्धात पाकिस्तानी सैनिकांच्या बलात्कारातून गरोदर राहिलेल्या बायकांसाठी १९७२मध्ये सरकारनं गर्भपाताला मुभा दिली, तीही तेवढ्यापुरतीच. मग १९७९मध्ये कुटुंबनियोजनाच्या सरकारी कार्यक्रमात ‘एम.आर.’ आलं, म्हणजे चुकलेली पाळी नियमित करणं. बाई केंद्रावर जाते. गरोदरपणाची चाचणी सक्तीची नाही. हातानं ओढायच्या सिरिंजनं गर्भाशय रिकामं करतात. पुढे गोळ्यांनाही परवानगी मिळाली. गरोदरपण सिद्धच झालेलं नसतं, त्यामुळे कलम ३१२ आड येत नाही. प्रशिक्षित आरोग्यसेविकेला शेवटच्या पाळीपासून दहा आठवड्यांपर्यंत हे करता येतं, डॉक्टरला बारा.

या वाटेनं असंख्य बायकांचे जीव वाचले, असं मी मनापासून मानते. खेड्यातल्या बाईला जवळच्याच केंद्रावर, एका बाईच्या हातून उपचार मिळतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण ही सवलत आहे, हक्क नाही. पाळी अनियमित असलेल्या पोरीला दिवस गेल्याचं उशिरा कळतं. केंद्रावर पोचेपर्यंत मुदत उलटलेली असते आणि तिला परत पाठवतात. मग ती दाईकडे जाते, नाहीतर औषधाच्या दुकानातून गोळ्या आणते. किती घ्यायच्या, कधी घ्यायच्या, नीट सांगणारं कुणी नसतं. रक्तस्राव थांबेना, तरी कलमाच्या भीतीनं घरातले दवाखान्यात न्यायला कचरतात.

धर्म आडवा येतो म्हणून कलम बदलता येत नाही, हे मला पटत नाही. बांगलादेशात बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे. सबळ कारण असेल तर १२० दिवसांपर्यंत गर्भपात चालतो, असं अनेक जुन्या हनफी धर्मशास्त्र्यांनी म्हटलेलं आहे. ट्युनिशियासारख्या मुस्लिम देशानं तर १९७३मध्येच पहिल्या तीन महिन्यांत बाईच्या इच्छेनुसार गर्भपात कायदेशीर केला. ढाक्याच्या संसदेला कलम ३१२ बदलायला कुणा मौलवीची नव्हे, साध्या बहुमताची गरज आहे.