विणकराचं शेवटचं वस्त्र

श्रोतेहो, नमस्कार.

'प्राण गेला' असं आपण सहज म्हणतो. कुठे गेला, ते मात्र विचारत नाही. प्राचीन ग्रीकांनी विचारलं. त्यांचा शब्द 'प्स्यूखे', म्हणजे मुळात श्वास, जीव. त्याचं भाषांतर सर्रास 'आत्मा' असं करतात. मला ते पटत नाही. 'आत्मा' म्हटलं की उपनिषदं दारात येऊन उभी राहतात आणि बिचाऱ्या ग्रीकांना बोलायलाच मिळत नाही. म्हणून आज मी 'जीव' म्हणणार आहे.

होमरच्या काव्यात जीव म्हणजे मेल्यावर उरणारी सावली, मिठीत घ्यायला जावं तर निसटणारी. तत्त्वज्ञ थेलीस म्हणाला, लोहचुंबक लोखंडाला हलवतो, म्हणजे त्यातही जीव आहे. पायथागोरसने कुत्र्याला मारणाऱ्या माणसाला थांबवलं म्हणे: या कुत्र्यात माझ्या मित्राचा जीव आहे, आवाजावरून ओळखला! ही अर्थात झेनोफनीस या कवीने उडवलेली टर.

पण मला सांगायचाय तो एक दिवस. इ.स.पूर्व 399, अथेन्सचा तुरुंग. सॉक्रेटिस सत्तरीचा. डेलोस बेटावर गेलेलं पवित्र जहाज परत येईपर्यंत देहदंड द्यायचा नाही, असा नियम होता. ते जहाज आलंय. संध्याकाळी विषाचा पेला घ्यायचा. सकाळी बेड्या काढल्यात, म्हातारा खाटेवर बसून पाय चोळतोय आणि मित्रांना सांगतोय की देह गेला तरी जीव उरतो. हे त्याच्या शिष्याने, प्लेटोने लिहून ठेवलंय. तो स्वतः तिथे नव्हता, आजारी होता बहुतेक, असंही त्यानेच लिहिलंय.

थीब्जहून आलेले दोन तरुण कुजबुजतात. सॉक्रेटिस म्हणतो, बोला की. पहिला, सिमियास. तो म्हणतो, वीणेचा सूरही दिसत नाही, स्पर्श होत नाही. पण वीणा फोडली, तारा तोडल्या, तर सूर उरतो का?

दुसरा केबीस. तो विणकराचं उदाहरण देतो. आता 'वासांसि जीर्णानि' आपल्याला पाठ आहे: जुनी वस्त्रं टाकावी, नवी घ्यावी, तसा देह बदलतो. केबीसही वस्त्रांबद्दलच बोलतो, पण ऐका कसं. म्हातारा विणकर. आयुष्यभर स्वतः विणलेली किती वस्त्रं त्याने झिजवली. पण शेवटचं? ते अंगावर असतानाच तो मेला. पुन्हा सांगतो: बाकीची वस्त्रं त्याच्याआधी गेली, शेवटचं त्याच्या मागे राहिलं. जीवाने अनेक देह झिजवले असतील, पण या शेवटच्या देहात तो संपणार नाही कशावरून?

खोलीत सगळे गप्प. काही तासांत मरणाऱ्या माणसासमोर हा प्रश्न! आणि सॉक्रेटिस काय करतो? शेजारी खाली बसलेल्या फीडो या तरुण शिष्याचे लांब केस हातात घेतो. म्हणतो, उद्या हे सुंदर केस तू कापशील ना? कापणार, कारण शोकात केस कापायची त्यांची रीत. तो म्हणतो, उद्या नको. आपला युक्तिवाद जर मेला आणि आपल्याला तो जिवंत करता आला नाही, तर आजच काप. मीही माझे कापतो. (आमच्याकडच्या सभांत 'वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द' असतात, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही.)

मग तो उत्तरं देतो. सूर तारांच्या विरुद्ध जाऊ शकत नाही, पण देह तहानलेला असताना जीव 'पिऊ नको' म्हणतो. म्हणजे जीव सूर नव्हे. आणि केबीसला: तीन या संख्येला जसं समपण शिवू शकत नाही, तसं जीवाला मरण शिवत नाही, कारण जीव जिथे जातो तिथे जगणं घेऊनच जातो. केबीस मान्य करतो. खरं सांगू, मला विणकर अजून हरलेला वाटत नाही.

संध्याकाळी त्याचा जुना मित्र क्रिटो विचारतो, तुला पुरायचं कसं? सॉक्रेटिस हसतो: हवं तसं पुरा, मी तुमच्या हाती लागलो तर!

अ‍ॅरिस्टॉटलला आता मिनिटभरच उरलंय. त्याचं म्हणणं साधं: डोळा हा प्राणी असता, तर दृष्टी हा त्याचा जीव असता. जीव आणि देह एकच का, हे विचारणं म्हणजे मेण आणि त्यावरचा ठसा एकच का, असं विचारणं. जीवही अणूंचाच बनलाय म्हणणारा एपिक्युरस पुढच्या वेळी.

नमस्कार.