पडू द्यायचं नाही, सजवायचंही नाही

नमस्कार श्रोतेहो. जुन्या नाशकातल्या गल्ल्यांमधून चाललं की दोन तऱ्हेचे वाडे दिसतात. काही बांबूच्या टेकूवर कसेबसे उभे, तर काही टाइल्स आणि ऑइलपेंटखाली असे दडलेले की घरच्या माणसालाही ओळखू येऊ नयेत. या दोहोंमधला मार्ग शोधायचा तर कॅलिफोर्नियातल्या बोडी या ओसाड गावाकडे पाहावं लागतं.

समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरवरच्या या माळावर १८५९ मध्ये सोनं सापडलं. १८८० च्या सुमारास वस्ती आठ-दहा हजारांच्या घरात गेली. मग सोनं सरत गेलं, माणसं उठून गेली आणि १९३२ च्या आगीत उरल्यातलंही बरंच जळालं. १९६२ मध्ये ते राज्याचं ऐतिहासिक उद्यान झालं. तेव्हा उभी असलेली घरं जशी होती तशीच ठेवायची, हा तिथला नियम. छप्पर, खिडक्या, पाया यांची डागडुजी होते, पण रंग लागत नाही. कललेलं घर सरळ करत नाहीत, त्याला टेकू देतात.

अशा कामात पहिला शत्रू पाणी. म्हणून सुरुवात छपरापासून, मग जमिनीलगतचं लाकूड. बर्फ वितळून ओल तिथेच धरते. ते कुजलंय का, हे पाहायला दाभण पुरतो: टोक सहज आत शिरलं की गाभा गेलेला. मग जॅक लावून घर उचलायचं, पण केसाकेसानं. घाई केली की वरचे सांधे निखळतात, काचा तडकतात. कुजला तेवढाच तुकडा कापून त्याच जातीचं लाकूड सांध्यात बसवायचं आणि दर्शनी नसलेल्या बाजूला वर्ष कोरायचं, म्हणजे पुढच्या सुताराला जुनं-नवं कळतं.

आपल्याकडे नेमकं इथेच चुकतं. खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, उभा असतो तो जमिनीची ओल लागू नये म्हणून. दुरुस्तीच्या नावाखाली त्याच्या बुंध्याभोवती सिमेंट ओततात. बाहेरून मजबूत दिसतं, पण आत झिरपलेलं पाणी वाळत नाही आणि वाळवीचं फावतं.

बोडीतल्या बहुतेक घरांत शिरता येत नाही. खिडकीच्या काचेतून आतलं टेबल, भांडी, धूळ पाहायची. धूळसुद्धा राखलेली! सोनं काढायच्या गिरणीत मात्र वाटाड्याबरोबरच जायचं. तिथे लोखंडी मुसळांनी दगड कुटून पाऱ्यानं सोनं धरत, पुढे सायनाइडही आलं. जिथे अशी रसायनं वापरली, तिथली माती तपासल्याशिवाय माणसं सोडायची नसतात. जुन्या विहिरीसारख्या खाणींच्या तोंडांवर नुसत्या फळ्या टाकून भागत नाही, त्या कुजतात. तोंड पक्कं बंद करून कुंपण घालावं लागतं.

आपल्या देशात कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या खाणींनी मागे सायनाइडच्या गाळाचे डोंगर ठेवले. वारा सुटला की त्यांची धूळ वस्तीवर येते. तिथे पर्यटन आणायचं तर तिकीटखिडकीच्या आधी या ढिगाऱ्यांचा बंदोबस्त हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

राहता राहिली चोरी. बोडीतून खिळा, काचेचा तुकडा खिशात घालणारे पुष्कळ. नेलेली वस्तू शाप देते, अशी वदंता असल्यानं कित्येक जण माफीचं पत्र जोडून ती टपालानं परत पाठवतात. पण ती कुठल्या घरातली, कुठल्या फळीवरची, हे पत्रात नसेल तर जागेवर ठेवणार कशी? म्हणून आधी नोंद: प्रत्येक खोलीचा चारही कोपऱ्यांतून फोटो, वस्तूला क्रमांक, वहीत जागा. वाड्याचं काम काढणाऱ्यांनीही पहिलं कौल उतरवण्याआधी एवढं करावं, आणि छपराचं काम मृगाच्या आत उरकावं.