एकाच घरातली दोन डोकी

नमस्कार मंडळी. आजचा विषय ओपननेस, म्हणजे नवीन काही समोर आलं की माणूस "बघू तरी" म्हणतो की "नको रे बाबा" म्हणतो, ते. मानसशास्त्रवाले स्वभावाचे पाच मोठे गुण मोजतात त्यातला हा एक. आणि चीज घातलेली भेळ खाणं म्हणजे ओपननेस नाही हां, तो भेळेवरचा अत्याचार आहे, असो.

2017 साली मेलबर्नच्या संशोधकांचा एक गमतीचा प्रयोग छापून आला. एका डोळ्याला लाल चित्र दाखवायचं, त्याच वेळी दुसऱ्याला हिरवं. मेंदू मग आळीपाळीने उड्या मारतो, आता लाल, आता हिरवं. पण ज्यांचा ओपननेस जास्त, त्यांना दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले जास्त वेळ दिसले. परत सांगतो, डोळ्यांपुढे तेच होतं, दिसलं मात्र वेगळं.

आता आमची आत्या. वाकोल्याला चाळीत राहायची, शेजारच्याच खोलीत तिचा धाकटा भाऊ, आमचे काका. वरच्या मजल्यावर नागालँडच्या दोन मुली भाड्याने आल्या, एअरपोर्टवर कामाला होत्या. एका रविवारी वरून असा काही वास आला की अख्खी चाळ गॅलरीत. काकांनी नाकाला टॉवेल लावला आणि थेट घरमालकाला फोन. बरं, तक्रार कोण करतंय, तर ज्या गॅलरीत बारा महिने सुके बोंबील आणि जवळा वाळत असतो ती मंडळी! आत्या मात्र गुडघे धरत जिना चढली, दार वाजवलं आणि तिच्या त्या हिंदीत म्हणाली, "बेटा, ये क्या पकाती है? बास तो खराब है, पन भूक लगती है." मुली आधी घाबरल्या, मग हसल्या. ते होतं अखुनी, सोयाबीन उकडून, पानात गुंडाळून आंबवलेलं. आत्याने बोटावर घेतलं, चाटलं, डोळे मिटले, आणि म्हणाली, "ह्यां आमच्या सुकटीच्या चटणीत घालूक व्हया." पुढच्या रविवारी खरंच घातलं. मी खाल्लीय ती चटणी, पहिल्या घासाला उठून जावंसं वाटतं, तिसऱ्याला अजून एक भाकरी मागतो आपण. काकांनी त्या दिवशी वरणभातावर भागवलं, शेवटपर्यंत चव म्हणून घेतली नाही.

एकच आई, एकच घर, एकच चूल. मग असं कसं? तर जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की या गुणातल्या फरकांचा साधारण निम्मा भाग जीन्समधून येतो, आणि एका घरात वाढल्याने स्वभाव फारसे सारखे होत नाहीत. "आम्ही मुलांवर सारखेच संस्कार केले" म्हणणाऱ्या आईबाबांनी हे लिहून ठेवा.

मेंदूत काय होतं ते थोडक्यात. जे एकदा बिनकामाचं ठरलं त्याकडे मेंदू नंतर लक्षच देत नाही, सोसायटीच्या वॉचमनसारखा गेटवरूनच परत पाठवतो. ओपननेस जास्त असलेल्यांचा वॉचमन जरा ढिला असतो, असं काही प्रयोगांत दिसलंय, जास्त गोष्टी आत येतात. शिवाय डोपामिन, "इथे काहीतरी मिळेल" ही ओढ लावणारं रसायन, त्याचाही यात हात असावा असं बरेच संशोधक मानतात. तेव्हा वास दोघांच्या नाकात सारखाच गेला असेल, पुढे मेंदूने त्याचं काय केलं ते वेगळं.

आणि वॉचमन कडक असणं वाईट नाही बरं का. चाळीचा मेंटेनन्सचा हिशोब काकांकडेच असायचा, एक रुपया इकडचा तिकडे नाही. आत्याकडे दिला असता तर चाळीला वीज मिळाली नसती.

वय वाढलं की ओपननेस थोडा कमी होतो, पण तो दगडात कोरलेला नाही. अमेरिकेत साठीपुढच्या लोकांना 16 आठवडे कोडी, शब्दकोडी, सुडोकू सोडवायला दिली, तर त्यांचा ओपननेस थोडा वाढलेला दिसला. 2012 साली छापून आलंय हे. थोडाच हं, चमत्कार नाही. तेव्हा घरी आजोबा पेपर घेऊन बसले असतील तर राशिभविष्याचं पान काढून घ्या आणि कोड्याचं हातात द्या, राशिभविष्याने कोणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी याच वेळेला बोलू झोपेबद्दल. नमस्कार.