आधीचे जेवण पचले आहे का?

पोट फुगते म्हणून माझ्याकडे येणारा माणूस खुर्चीवर बसताच चूर्णाचे नाव विचारतो, आणि मी त्याला कालच्या दुपारपासून आज सकाळपर्यंत काय खाल्ले आणि किती वाजता खाल्ले, एवढेच सांगायला लावतो. बहुतेक वेळा निदान त्या उत्तरातच असते.

आयुर्वेदात पोट फुगण्याला आध्मान म्हणतात. त्याच्या मुळाशी बहुधा मंदावलेला अग्नी, म्हणजे पचनशक्ती असते, आणि अग्नी मंदावण्याच्या कारणांपैकी मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते अध्यशन, म्हणजे आधीचे अन्न पचलेले नसताना त्यावर पुन्हा जेवणे. आपल्या कोल्हापुरात हे किती सहज घडते ते पाहा. सकाळी दहाला कट आणि पावासह मिसळ होते, एक वाजला म्हणून भूक नसताना ताटावर बसणे होते, संध्याकाळी भजी होतात, दुकान बंद करून रात्री दहाला तांबडा-पांढरा रस्सा होतो आणि त्यानंतर गंगावेशीत समोर पिळलेले म्हशीचे दूध. यांतला एकही पदार्थ मी वाईट म्हणणार नाही. ते दूध तालमीत पहाटे जोर-बैठका काढणाऱ्यांना पचत असे. दिवसभर गल्ल्यावर बसलेल्या माणसाने ते मटणाच्या जेवणावर घ्यावे, हे मात्र मला पटत नाही. शिवाय प्रौढ वयात अनेकांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि ती मोठ्या आतड्यात आंबून वायू धरते. अशा व्यक्तीने दोन आठवडे दूध बंद ठेवून फरक पडतो का ते पाहावे.

अन्न पचल्याची लक्षणे आपल्या शास्त्राने स्पष्ट सांगितली आहेत: ढेकर शुद्ध येतो, म्हणजे त्याला आधीच्या जेवणाचा वास नसतो, मलमूत्राचे वेग वेळेवर येतात, अंग हलके वाटते, उत्साह येतो आणि खरी भूक-तहान लागते. घड्याळाऐवजी या खुणा पाहून जेवायला बसा. रात्रीचे जेवण लवकर होणे शक्यच नसेल, तर ते मुगाची पातळ खिचडी किंवा भात-आमटी इतके हलके ठेवा आणि पोटाचा काही भाग रिकामा सोडा. चरकसंहितेत जठराचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वात-पित्त-कफांच्या हालचालीसाठी राखायला सांगितले आहे.

आता औषधाकडे वळतो. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग या आठ द्रव्यांचे हिंग्वाष्टक चूर्ण थोड्या तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायचे असते; पोट फुगल्यावर कोरडे फाकण्याचा तो पदार्थ नव्हे. छातीत जळजळ होणाऱ्यांनी ते टाळावे, कारण ही द्रव्ये उष्ण आहेत. रक्तदाब असलेल्यांनी त्यातले मीठ लक्षात घ्यावे, आणि गर्भवतींनी वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मला स्वतःला दुपारच्या जेवणासोबत जिरे-सुंठ घातलेले पातळ, ताजे ताक अधिक आवडते. मटकी किंवा हरभरा भिजवून, ते पाणी फेकून, मऊ शिजवला आणि फोडणीत हिंग घातला, तर वायू पुष्कळ कमी होतो. जेवणानंतरची शतपावली तर कोणालाही जमण्यासारखी आहे.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. वजन घटत असेल, शौचात रक्त पडत असेल किंवा शौच डांबरासारखी काळी होत असेल, चाळिशी-पन्नाशीनंतर स्त्रीचे पोट काही आठवडे सतत फुगलेले राहत असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. तपासणी करून घ्या. पोट ताठ होऊन उलट्या सुरू झाल्या आणि वायू व शौच दोन्ही थांबले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि छातीत दडपण येऊन घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर “गॅस झालाय” म्हणत सोडा पिऊन घरी पडून राहू नका. त्या क्षणी हृदयाची तपासणी लागते, चूर्णाची डबी नव्हे.